आठ फुटी वांगं आणि गयाबाईंच्या टिकल्या

"मॅडम, देठाला धक्का लागला ना, तर तुमची आमची दोस्ती इथंच खतम," डॉक्टर खरात म्हणाले.

मी वाफ्यात गुडघ्यावर बसले होते. समोर वांग्याचं झाड, हातात स्कॅनर. झाडापलीकडे गयाबाई काळी छत्री उघडून उभ्या, आणि आभाळात ढगाचा पत्ता नाही. जाफराबादच्या रस्त्याने जाणारी एक जीप हे बघून चक्क थांबली.

"काय चालू हाय वो?" आतून एकाने विचारलं.

"वांग्याचा फोटो काढून राह्यल्या मॅडम," गयाबाईंनी सांगितलं.

"स्थळ पाह्यलं का काय त्याच्यासाठी?" जीप खिदळत निघून गेली. खरात सर हसले नाहीत. त्या वांग्याच्या बाबतीत ते हसतच नव्हते.

माझं काम स्कॅनिंगचं. जालन्याच्या एमआयडीसीत छोटं ऑफिस आहे. एरवी माझ्याकडे रोलिंग मिलचे झिजलेले गिअर येतात, फुटलेल्या पंपांची कव्हरं येतात. कारखाना बंद पडलेला असतो, पार्टचं ड्रॉइंग कुणाकडे नसतं, मग मी तो पार्ट स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये उभा करते आणि त्यावरून नवा बनतो. यंत्र दिसायला कपड्याच्या इस्त्रीएवढं. त्यातून वस्तूवर लेझरच्या रेघा पडतात. वस्तू जिथे वाकडी, तिथे रेघ वाकडी दिसते. कॅमेरे ती रेघ बघतात आणि पृष्ठभागाचा एकेक ठिपका कुठे आहे ते मोजतात. असे लाखो ठिपके जोडले की त्या वस्तूची हुबेहूब जाळी तयार होते. आतलं काही दिसत नाही. हे मी सगळ्यांना आधीच सांगते, कारण कुणीतरी गुडघा पुढे करतंच. त्या दिवशी गयाबाईंनी केला.

तर वांगं. एका बियाणे कंपनीने भरताच्या वांग्याचं नवं वाण काढलं होतं आणि कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात त्याचा लाँच होता. स्टॉलच्या तोंडाशी आठ फुटी फायबरचं वांगं उभं करायचं, अशी मार्केटिंग मॅनेजर मुळे साहेबांची आयडिया. मुळे पुण्याचे. माणूस वाईट नाही, पण वांगं ताटात आल्यावरच ओळखणारा.

वाण काढलेलं डॉक्टर खरातांनी. वर्षानुवर्षं कंपनीच्या ह्याच प्लॉटवर उन्हात उभं राहून. यंदा ते रिटायर होणार होते. वरून निरोप आला होता की या लाँचला बुकिंग झालं नाही तर वाण गुंडाळायचं. त्यात बॅनरवर मुळे साहेबांनी शब्द टाकला होता, 'अळीमुक्त'. वांगं पोखरणारी अळी हा आमच्याकडे शेतकऱ्याच्या डोक्याला कायमचा ताप. खरात सर म्हणत होते, अहो, अळी कमी येते, येतच नाही असं नाही, असं खोटं छापू नका. मुळे म्हणत होते, सर, 'अळी कमी' वाचून कोण थांबतो? बॅनर छापून झालं होतं. सर तेव्हापासून सगळा राग वांग्याच्या काळजीत काढत होते.

आता स्कॅन करायला वांगं तोडून टेबलावर ठेवलं की काम अर्ध्या तासाचं. पण सर तोडू देईनात.

"हे फळ बियाण्याला राखलंय. ह्याच्यासारखा आकार दुसऱ्या कुठल्या फळाला न्हाई. झाडावरच करा."

"सर, ते वाऱ्याने हलतंय."

"मंग वाऱ्याला सांगा."

मी वाऱ्याला सांगितलं नाही, पण हलण्यावर उपाय होता, तो पुढे येईलच. पहिली अडचण चकाकीची. वांगं चकचकीत असतं आणि चकचकीत गोष्टीवर लेझर घसरतो. म्हणून पांढरी पावडर फवारावी लागते, जी थोड्या वेळाने आपोआप उडून जाते. ही पावडर आधी मला माझ्या स्वतःच्या हातावर मारून दाखवावी लागली. ती उडेपर्यंत सर माझ्या मनगटाकडे बघत बसले. दुसरी अडचण, मागची पानं. तीही स्कॅनमध्ये आली असती. त्यासाठी छत्री. काळा रंग लेझर गिळून टाकतो, त्यामुळे काळी वस्तू स्कॅनरला जवळपास दिसतच नाही. गयाबाई प्लॉटवर मजुरीला आणि स्वयंपाकालाही. त्यांना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे मी काळी सावळी, मी पण दिसनार न्हाई. बरं झालं, मुकादमाला पण असंच यंत्र द्या."

तिसरी अडचण मोठी. गुळगुळीत गोल वस्तूवर स्कॅनर वाट चुकतो. आपण डावीकडे आहोत की उजवीकडे, त्याला कळेनासं होतं. म्हणून वस्तूवर छोटे गोल स्टिकर चिकटवतात. ते खुणेच्या दगडासारखे. वस्तू हलली तरी खुणा तिच्याबरोबर हलतात, हिशोब चुकत नाही. आम्ही ऑफिसात त्यांना टिकल्या म्हणतो. मी रोल काढला आणि माझा चेहरा पडला. गाडीत उन्हात राहून गोंद वितळून सगळ्यांचा एकच गोळा झाला होता.

"काय झालं?" सर घाबरले.

"टिकल्या खराब झाल्या."

"एवढंच ना!" गयाबाईंनी छत्री सरांच्या हातात दिली, पिशवीतून पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "घ्या. ह्या काळ्या कोनी लावत न्हाई. दुकानदारानं लाल टिकल्यांच्या खाली दडपून दिल्त्या मेल्यानं."

मी हसले, आणि मग हसायची थांबले. मसुराच्या डाळीएवढ्या, काळ्या, मखमली. पावडरने पांढऱ्या झालेल्या वांग्यावर काळे ठिपके माझ्या स्कॅनरच्या रंगीत कॅमेऱ्याला व्यवस्थित दिसणार होते. खुणेचं काम झालं असतं. फक्त टिकलीखालची जागा लेझरला दिसणार नव्हती, तिथे जाळीत भोक राहणार. ती भोकं मी ऑफिसात बसून एकेक बुजवते, हे रोजचंच आहे.

गयाबाईंनी स्वतःच्या हाताने वांग्याला टिकल्या लावल्या. सगळ्या झाल्यावर कडाकडा बोटं मोडून दृष्टही काढली. मग त्यांनी छत्री परत घेतली आणि मी स्कॅन केला. लॅपटॉपवर वांगं हळूहळू उमटत गेलं तेव्हा खरात सर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. देठाची एक कड जराशी मुरडलेली होती, तीही आली. "बराबर," ते हळूच म्हणाले, "बिलकुल बराबर हाय." ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की सगळं अंग दुखत होतं ते विसरले.

मी जालन्याच्या वाटेला लागत नाही तोच मुळे साहेबांचा फोन.

"मॅडम, फाइल?"

"उद्या देते. क्लीन करायची आहे."

"मला फक्त बघायची आहे हो. डायरेक्टर विचारतायत. आहे तशी टाका."

"सर, आहे तशी म्हणजे त्यात भोकं आहेत. नुसती बघा. बनवायला उद्याची घ्या."

"येस येस, ऑफ कोर्स."

कच्ची फाइल पाठवली. रात्र घालून भोकं बुजवली, दुसऱ्या दिवशी स्वच्छ फाइल पाठवली. मुळ्यांनी अंगठा पाठवला. काम संपलं, असं मी समजले.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम गेले. कुंभार पिंपळगाव माझं आजोळ. म्हटलं मामीला भेटू, आपलं वांगंही बघू. मैदानाजवळ पोचले तर स्टॉलभोवती ही गर्दी. माझी छाती फुगली. जवळ गेले आणि जागीच थांबले.

आठ फुटी वांगं. रंग सुंदर, देठ सुंदर, कडेची मुरडसुद्धा आलेली. आणि अंगभर गोल गोल भोकं, पुरीएवढाली. रंगाऱ्याने तर कमाल केली होती. खोली उठून दिसावी म्हणून प्रत्येक भोकात आतून काळा रंग दिला होता. वांग्यातून अळी बाहेर पडली की नेमकं असंच भोक राहतं. हे आमच्या भागात शाळेतल्या पोराला कळतं. वर बॅनर, 'अळीमुक्त'.

"अरे, कंपनीनं अळीसकट आनलंय!" कुणीतरी ओरडलं.

"अळी केवढी असन रे मंग? अजगर!"

"मुक्त हाय ना बाबा. खाऊन मुक्त झाली ती."

मी गर्दीतून मुळ्यांना गाठलं. "सर, हे काय? तुम्ही वर्कशॉपला कुठली फाइल दिली?"

"पहिली. लगेच फॉरवर्ड केली, वेळ नव्हता ना." त्यांचा चेहरा पांढराफटक. "मला वाटलं टेक्श्चर आहे."

"टेक्श्चर?"

"डिझाइन. मॉडर्न. मॅडम, आता काहीतरी करा ना, प्लीज!"

मी काय करणार? माझ्या पर्समध्ये फायबरची पुट्टी नसते. मुळ्यांनीच मग डोकं चालवलं. कंपनीच्या लोगोचे गोल स्टिकर आणले आणि शिडीवर चढून एकेका भोकावर चिकटवायला लागले. स्टिकर बशीएवढे होते. खालून लोक मार्गदर्शन करायला लागले. "साहेब, डाव्या अंगाला एक राह्यलं!" "त्या भोकात हात घालू नका, चावन!" माझी मामी माझ्याशेजारी उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. हे माझंच काम आहे हे तिला सांगायची हिंमत झाली नाही.

खरात सर मात्र स्टॉलच्या कडेला खुर्चीवर बसले होते. हातात बियांचं पाकीट, नजर खाली. इतक्या वर्षांच्या कामाची बाजारात अशी टिंगल चाललेली. मला रडू यायचं बाकी होतं.

गर्दीतून एक म्हाताऱ्या बाई पुढे आल्या. डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी. मामी कुजबुजली, ह्यांचा वांग्याचा मळा आहे, ह्या घेतील ते बी गाव घेतं. त्या मुळ्यांकडे बघायलाही थांबल्या नाहीत. थेट सरांसमोर गेल्या.

"दादा, हे वाण तुमचं का?"

"हो, आक्का. माझं."

"मंग तुमीच सांगा. अळी येती का न्हाई?"

गर्दी ऐकायला पुढे सरकली. मुळे शिडीवरून डोळ्यांनी खुणा करायला लागले, मान नकारार्थी हलवायला लागले, शिडीसुद्धा हलायला लागली. सर उभे राहिले. त्यांनी वर बॅनरकडे बघितलं, मग वांग्याकडे.

"येती," ते म्हणाले. "बाकी वाणांपेक्षा कमी येती. फवारे कमी लागतील, पन बंद होनार न्हाईत. ज्या वांग्याला अळी बिलकुल येत न्हाई, ते वांगं मी अजून पाह्यलं न्हाई. कोनी दाखवलं तर मला पन बोलवा."

मुळ्यांनी डोळे मिटून घेतले.

"आन चव?" बाईंनी विचारलं.

"चवीचं मी सांगत न्हाई. भाजून खाऊन बघा." सरांनी टेबलाखालची टोपली पुढे ओढली. त्यात प्लॉटवरची वांगी होती.

बाईंनी एक उचललं, दाबून पाहिलं, देठाजवळ वास घेतला. मग वर आठ फुटी वांग्याकडे बघून म्हणाल्या, "लई कंपन्या येऊन गेल्या इथं. समद्यांचं वांगं चकचकीत. अळी पडलेलं वांगं दारात उभं करायला हिंमत लागती. माझं नाव लिव्हा."

त्यांच्यामागे रांग लागली. थट्टा करणारेच पुढे. ज्याने अजगर म्हटलं होतं त्याने दोन पाकिटं घेतली. दुपारपर्यंत आणलेलं बी संपलं आणि पुढचं बुकिंग चालू राहिलं. सर प्रत्येकाला तेच सांगत होते, येती, पन कमी येती. सांगताना आवाज चढत चालला होता. नंतर चहाच्या गाड्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, हे एवढं एक वाक्य मी ऑफिसात किती दिवसांपासून घेऊन फिरून राह्यलो. कोनी ऐकून घेतलं न्हाई." आणि चष्मा काढून पुसत बसले. वाण गुंडाळलं नाही. बॅनर बदललं. आता त्यावर 'अळी कमी' आहे आणि लोक थांबून वाचतात.

मुळे साहेबांनी हेड ऑफिसला काय रिपोर्ट दिला ते मला नंतर कळलं. 'ऑनेस्ट मार्केटिंग.' कन्सेप्ट त्यांचाच. त्याबद्दल कंपनीत त्यांचं कौतुकही झालं म्हणे. मागच्या आठवड्यात फोन आला.

"मॅडम, आता मिरची करायची आहे. दहा फुटी. आणि जरा रोग दिसू द्या ना. तो कोकडा की काय म्हणतात, पानं आकसतात तो. लोकांना आवडतं."

मी म्हटलं, "सर, मिरचीवर कोकडा असेल तर स्कॅनमध्ये येईल. नसेल तर माझ्या यंत्राला रोग लावता येत नाही."

"मग एडिट करून टाका."

"त्याचा रेट वेगळा," असं म्हणून मी फोन ठेवला.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी एवढंच सांगते. कच्ची फाइल कितीही मोठा साहेब मागो, द्यायची नाही. आणि चुकून दिलीच, तर माल बाजारात जाईल तेव्हा त्याच्याशेजारी एक खरं बोलणारा माणूस उभा राहील याची सोय बघायची.