‘फरक नाही’चा रकाना

३१ मे १९९३ रोजी डॉक्टरबाईंनी एका बंद पडलेल्या शिकवणीवर्गाचा फळा एकशे अठरा रुपये पन्नास पैशांना विकत घेतला. त्यांनी शंभराची नोट दिली, वरचे सुटे मी भरले. त्यांच्या दवाखान्याखाली रंगाचं दुकान आहे. मी तिथं हिशेब लिहितो. मान दुखायची म्हणून जिना चढून वर जायचो, अशी आमची ओळख.

“फळा कशाला?” मी विचारलं.

“माझी परीक्षा घ्यायला. रकाने तुम्ही आखा, हिशेबनीस. माझी रेघ वाकडी येते.”

सुरुवातीला बाई साध्या फॅमिली डॉक्टर होत्या. ताप, खोकला, लहान मुलांची पोटं. दुखण्याला गोळी, ती लागू पडली नाही तर दुसरी गोळी. मग त्यांच्या यजमानांना नागीण झाली. यजमान घड्याळजी. अंगावरचं पुरळ गेलं, आग मात्र गेली नाही. बरगडीला सदरा टेकला तरी ते कळवळत. शिवण टोचू नये म्हणून सदरा उलटा घालून दुकानात बसत. गिऱ्हाइकं हसायची. बायको डॉक्टर असून घरच्या दुखण्यावर इलाज नाही, हे बाईंच्या फार जिव्हारी लागलं. चाळिशी उलटल्यावर संध्याकाळच्या वर्गात बसून त्या अॅक्युपंक्चरच्या सुया टोचायला शिकल्या, मालिश शिकल्या, श्वासाचे व्यायाम शिकल्या आणि पहिला प्रयोग नवऱ्यावर केला.

काडीचा उपयोग झाला नाही. पुढं एका साध्या गोळीनं त्यांना निदान झोप लागू लागली, एवढंच. पण त्याच सुयांनी समोरच्या बेकरीवाल्याची पाठ मोकळी झाली, तो पुन्हा पीठ मळायला लागला. आता पेशंटला सांगायचं काय? सुया चांगल्या की वाईट?

म्हणून फळा. ‘उतार पडला’, ‘फरक नाही’, ‘पुढं पाठवले’ असे तीन रकाने. प्रत्येक पेशंटची एक रेघ. महिना संपला की फळा पुसायचा आणि नव्यानं सुरू. फक्त ‘फरक नाही’मधली पहिली रेघ कधी पुसायची नाही. ती घड्याळजींची.

त्यावरून माझं आणि बाईंचं एकदा वाजलं. जे पेशंट परत आलेच नाहीत त्यांना त्या ‘फरक नाही’मध्ये टाकत. मी म्हटलं, “अहो, त्यातले निम्मे बरे झाले असतील. विनाकारण तोटा दाखवताय.”

“आला नाही म्हणजे बरा झाला, असं धरून चालणाऱ्या डॉक्टरकडं तुम्ही जाल का?”

माझी मान तेव्हाही ‘फरक नाही’मध्येच होती.

फळा पेशंट बसतात त्या खोलीत, सगळ्यांना दिसेल असा. वर्षानुवर्षं कुणाची तक्रार नव्हती. मग पेशंट दुसऱ्या डॉक्टरांना विचारू लागले, “तुमचा फळा कुठंय?” तिथं ठिणगी पडली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, बाई भोंदू आहेत. सुयावाले म्हणाले, बाई घरभेदी आहेत, आमच्या विद्येला उतार कमी दाखवतात. ज्यांचं एकमेकांशी विळ्या-भोपळ्याचं सख्य, त्यांनी बाईंविरुद्ध एका कागदावर सह्या केल्या. आरोप असा की बाई फळा लावून आपल्या उपचारांची जाहिरात करतात. नियमाप्रमाणं डॉक्टरला जाहिरात करता येत नाही. सुनावणीला फळ्यासह हजर व्हा, नाहीतर नोंदणी जाईल, असं वैद्यकीय परिषदेच्या समितीनं कळवलं.

बाईंचा मुलगा मोठ्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. तो आदल्या रविवारी आला.

“आई, काढून टाक ना तो फळा. आमच्याकडं सगळे हसतात मला.”

“मग भूल दे त्यांना.”

“मी चेष्टा करत नाहीये. नोंदणी गेली तर डॉक्टर म्हणवून घेता येणार नाही तुला. या वयात!”

“फळा काढला तर मलाच म्हणवणार नाही,” बाई म्हणाल्या. “जेवून जा.”

सुनावणीला फळा चादरीत गुंडाळून नेला. एक टोक माझ्या हातात, दुसरं कंपाउंडरच्या. कंपाउंडर बाईंकडं पहिल्या दिवसापासूनचा, जीव ओवाळून टाकणारा. समितीच्या खोलीत लांबलचक टेबल, पलीकडं तिघेजण. चादर काढली. ‘उतार पडला’खाली रेघाच रेघा, ‘फरक नाही’चा रकाना स्वच्छ पुसलेला. घड्याळजींची रेघसुद्धा. कंपाउंडर स्वतःच्या चपलांकडं बघत होता. बाईंची अब्रू राखायला निघाला होता आणि तक्रारदारांच्या हाती आयतं कोलीत दिलं त्यानं.

“ही जाहिरात नाही तर काय आहे, बाई?” अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी कंपाउंडरकडं एकदाच पाहिलं. पर्समधून खडू काढला आणि फळ्यापाशी गेल्या.

“घड्याळजी, नागीण. माझे यजमान.” एक रेघ. “शिंपीणबाई, दोन्ही गुडघे. पोस्टमन, टाच. परत आला नाही. हिशेबनीस, मान. हे काय, इथंच उभे आहेत, विचारा.”

“पुरे, पुरे. आलं लक्षात.”

“अजून संपले नाहीत, साहेब.”

रकाना भरेपर्यंत त्या लिहीत राहिल्या. ‘उतार पडला’पेक्षा तो लांब झाला. मग खडूचे हात झटकत वळल्या. “मला उपयोग करता आला नाही अशी ही माणसं. असली जाहिरात कोण करतं ते दाखवा, मी त्याच्याकडं शिकायला जाते.”

एका सदस्याला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात लपवलं. अध्यक्षांचा सूर नरमला. म्हणाले, “सुयांचं आम्ही बघत नाही. तुम्ही फक्त हा फळा खाली घ्या. लिहून द्या, प्रकरण इथंच बंद.”

“आणि नाही घेतला तर?”

“सहा महिने नोंदणी स्थगित.”

“मग सहा महिने,” बाई म्हणाल्या. “हिशेबनीस, ते टोक धरा.”

घरी घड्याळजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे आज सकाळी थोडा वेळ मी बरा होतो म्हणायचं!” कंपाउंडर तेवढ्यावर रडायला लागला. बाईंनी त्याला चहा दिला आणि बजावलं, “पुन्हा फळ्याला फडकं लावलंस तर तुला कामावरून काढीन.”

सहा महिने दवाखान्याला कुलूप होतं. फळा मात्र जिन्यात, बंद दाराबाहेर टांगलेला. त्यावर दर महिन्याला बाई स्वतः लिहीत: तपासले शून्य, उतार शून्य, फरक नाही एक. लोक जिना चढून यायचे, वाचायचे, उतरायचे. कुणी कुणी फळ्यावर अध्यक्षांसाठी चार शेलके शब्द लिहून ठेवत, ते आम्ही पुसत असू.

दवाखाना उघडला तेव्हा जुन्या पेशंटांपैकी बरेच दुसरीकडं गेले होते. बाईंनी ते सगळे ‘फरक नाही’मध्ये टाकले. मी या वेळी वाद घातला नाही. मुलाला आईचं वागणं अजून पटलेलं नाही, तो तसं तोंडावर म्हणतो. बाई आता पंचाहत्तरीच्या आहेत. फळा त्याच भिंतीवर आहे.

पुढच्या मार्चमध्ये मी निवृत्त होतो. हिशेब मिटवायचे म्हणून परवा फळ्याच्या सुट्या पैशांची आठवण दिली, तर म्हणाल्या, “तुमची मान बरी झाली की देते.”

मान अजून दुखते. साडेअठरा रुपये येणे आहेत.