दोन खोल्यांचं स्टेशन

म्हाताऱ्याने चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. गिऱ्हाईक म्हणालं, खरखर येते, तर हा विचारायचा, रेडिओत की कानात? आणि झटका आला तेव्हा हातपाय वाचले, नेमकी जीभ लुळी पडली.

रोज शब्द म्हणवून घ्या, उशीर केलात तर वाचा परत यायची नाही, असं डॉक्टरीणबाई बजावून गेल्या. पण सून समोर बसली की म्हातारा भिंतीकडे तोंड फिरवायचा. सुनेपुढे बोबडं बोलायचं? त्यापेक्षा मुका बरा.

एके सकाळी सुनेने पुसायच्या निमित्ताने त्याच्या उशाच्या रेडिओचा काटा हलवला आणि दार ओढून गेली. जिथे आजवर नुसती खरखर होती, तिथे एक बाई बोलू लागली. "म्हणा, पाणी." थोडं थांबून, "म्हणा, दार." मागे कुकरची शिट्टी झाली.

गुरूची विद्या गुरूलाच! काडेपेटीएवढा, सेलवर चालणारा ट्रान्समीटर मोबाइलला जोडला, की मोबाइलमधला आवाज बिनतारेचा पलीकडच्या खोलीतल्या रेडिओत येतो. असले त्याने डझनावारी उघडले होते. त्याला हसू आलं, मागोमाग डोळेही भरले. पोरीने आपला आवाज आत पाठवला होता आणि स्वतः बाहेर थांबली होती. त्याचा मान इतका कुणी जपला नव्हता.

तो म्हणू लागला. नुसत्या 'पा'ला दोन आठवडे गेले. सून आत आली की गप्प. पहिला धड शब्द तिच्यासाठीच, हे त्याने ठरवून टाकलं होतं. जन्मात कुणाला 'उपकार झाले' म्हटलं नव्हतं, ते आता तिला म्हणायचं होतं. पण त्यातला 'र' काही केल्या निघेना.

तिसऱ्या महिन्यात एकदा 'खिडकी' म्हणता म्हणता बाईचा आवाज खरखरीत बुडाला. सून धावत आली, रेडिओ उलटासुलटा करून वर दोन चापट्याही मारल्या. आपल्या रेडिओला चापट्या? म्हाताऱ्याला राहवेना.

"सेल," तो म्हणाला.

तिचा हात तिथेच थांबला. ती कशीबशी म्हणाली, "बाबा, कालच तर नवे घातलेत."

"यातला नाही," म्हातारा अडखळत म्हणाला. "तुझ्या स्टेशनचा."

ती त्याचा हात धरून रडू लागली. उपकाराचं म्हणायचं राहूनच गेलं.