पिंडाशेजारची सिगारेट

रात्रभर गाडीत डोळ्याला डोळा लागला नाही. सांगली सोडल्यापासून डोक्यात एकच होतं, एक ओढायला पाहिजे. दिवाळीत सिगारेट सोडली, पण प्रवासात अजून जीव जातो. स्टेशन आलं की हात आपोआप खिशाकडे जातो आणि खिशात असतात लवंगा. लवंग चघळली की तलफ जाते म्हणे. असं सांगणाऱ्याने जन्मात कधी सिगारेट ओढलेली नसणार. पहाटे कशीबशी डुलकी लागली आणि नेमकं पाचोरा मागे पडलं. उतरायचं होतं तिथे, उतरलो थेट जळगावला.

मी निघालो होतो भडगावला, भास्करच्या दहाव्याला. धुळ्याला शिकताना आम्ही एका खोलीत राहायचो. सिगारेटही एकत्रच सुरू केली, एकीत दोघं. गेल्या वर्षी त्याला दवाखान्यात नाकात नळी घातलेला पाहिला आणि मी हाय खाल्ली. माझ्याही छातीचा फोटो डॉक्टरांना आवडला नव्हता. एक जरी ओढलीत तर पुन्हा सगळं सुरू होईल, मग माझ्याकडे येऊ नका, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

जळगावच्या स्टँडवर चहा घेतला. शेजारच्या बाकावरचा एक गृहस्थ माझ्याकडे वळला.

"माचिस शे का (आहे का), भाऊ?"

"नाही. मी सोडलीय."

"अरे वा. मग घ्या एखादी, आता काय होतं?" असं म्हणून त्याने पाकीटच पुढे केलं.

काय बोलावं या माणसाला? एकादशीच्या दिवशी कोणी कुणाच्या हातात भजं ठेवत नाही. सिगारेट सोडलेल्याचा उपास मोडायला मात्र सगळा गाव टपलेला. मी अर्धा चहा टाकून उठलो. त्याला वाटलं असेल, काय खडूस माणूस आहे.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. वेचून झालेल्या कपाशीच्या काड्या शेतात उभ्या होत्या, मध्येच गव्हाचा हिरवा तुकडा यायचा. केळीचे घड भरलेली गाडी बराच वेळ आमच्यापुढे चालली होती. एवढं छान ऊन पडलेलं आणि मला दिसत काय होतं, तर पुढच्या ड्रायव्हरच्या खिडकीतून निघणारा धूर. भडगावला उतरलो तो तसाच गिरणेच्या घाटावर गेलो.

माणसं जमलेली होती. भास्करचा मुलगा निखिल डोकं भादरून पिंडापुढे बसला होता. तो जळगावला पाइपच्या कारखान्यात लागलाय. पिंडाशेजारी पळसाच्या पानावर गेलेल्याच्या आवडीच्या वस्तू ठेवल्या होत्या. जिलबी, चिवडा, कपभर चहा आणि सिगारेटचं पाकीट. माझं डोकंच फिरलं. ज्या कार्टीने माणूस नेला तिलाच त्याच्या पानावर मानाने बसवायचं? सापाने मारलेल्याच्या पिंडाशेजारी कुणी साप ठेवतं का? पण तिथे कुणाला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, एकही खाली येईना. भास्करच्या म्हाताऱ्या आईला सांभाळू, निखिलचं लग्न करू, अशी वचनं देऊन झाली. ऊन चढलं. भास्करचे चुलतभाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते पुढे झाले आणि पान निरखून म्हणाले, "बठ्ठं (सगळं) शे, पण सिगारेट पेटेल नही (पेटवलेली नाही). त्याचा जीव तिच्यात अडकला."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही त्याचे जोडीदार. तुम्हीच पेटवून ठेवा."

सिगारेट उदबत्तीसारखी नुसती काडी लावून पेटत नाही. ओठात धरून ओढावी लागते. नानांना ते माहीत नव्हतं असं थोडंच आहे? त्यांनी ती माझ्या बोटांत दिलीसुद्धा. तंबाखूचा तो वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं, लाज वाटली तरी सुटलंच. मयताच्या कामाला कोण नावं ठेवणार? डॉक्टरही काही बोलले नसते. सबब इतकी सुरेख होती की मला तिचाच राग आला.

"मी ओढणार नाही, नाना," मी म्हणालो.

"मित्राचा जीव अडकेल (अडकलेला) राहू द्यायचा का मग?"

सगळा घाट माझ्याकडे बघायला लागला. तेवढ्यात निखिल उठला, माझ्या हातातून सिगारेट घेतली आणि नदीवरच्या वाऱ्यात, तळव्यांचा आडोसा करून, एका काडीत पेटवली. एकदाच खोल ओढून पानावर ठेवली. ठसका नाही, डोळ्यांत पाणी नाही. पोराचा हात चांगला सरावलेला होता.

लोक मागे सरले आणि कावळा आला. लोक सरले म्हणूनच आला असणार, पण नाना म्हणाले, "पाहा, हेच पाहिजे होतं."

बातमी आमच्याआधी घरी पोचली होती. शेजाऱ्यांकडून कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि पातळ पिठलं आलं होतं. मी पहिला घास घेतला तोच वहिनी, भास्करची बायको, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, तुम्ही आयुष्यभर ओढली. अजून एक ओढली असती तर काय बिघडलं असतं? माझ्या पोराने कधी तोंडाला लावली नव्हती. तुमच्यामुळे आज त्याला बापासाठी लावायला लागली."

निखिल भिंतीशी बसला होता. त्याने मान वर केली नाही. माझ्या ओठांवर आलं होतं, वहिनी, तुमच्या पोराला माझ्याइतकीच सवय आहे. एका वाक्यात मी सुटलो असतो. पण नवरा जाऊन दहा दिवस झालेल्या बाईला ते ऐकवायचं कुणी? "चुकलं माझं, वहिनी," म्हणालो आणि तो घास कसाबसा गिळला.

परतीला धुळ्यावरून जायचं होतं, त्या गाडीला निखिल मला सोडायला आला. पायरीवर पाय ठेवताना मी त्याचा दंड धरला.

"तुझ्या आईला वाटतंय, तू आज एकदाच ओढलीस. त्यापायी मी शिव्या खाल्ल्या आहेत. ते खरं करून दाखव."

गाडी हलल्यावर मागे वळून पाहिलं, तर तो अजून तिथेच उभा होता, दोन्ही हात खिशात घालून. खिशात काय होतं ते मला कळलं नाही. धुळ्यापर्यंत माझी तलफ काही उतरली नाही, आणि रागही नाही.