एकशे बारा नंबरचं दार

जव्हारला झेरॉक्सच्या दुकानात काम करून मला एक खोड लागली आहे. कागद दिसला की वाचायचाच. दुसऱ्याच्या सातबाऱ्यात नाक खुपसायला मला जराही लाज वाटत नाही. आईच्या घराचा उतारा मात्र मी कधी पाहिला नव्हता, आणि घरकुलाच्या अर्जाला नेमका तोच हवा होता. अर्जाला चार दिवस उरले होते. आईचं कुडाचं घर मागच्या पावसात एका अंगाने खचलं होतं. अजून एक पावसाळा ते काढेल असं मला वाटत नव्हतं.

आधी मोखाड्याला तहसील कचेरीत गेले. तिथे म्हणाले, जमीन असेल तर आमच्याकडे, नुसतं घर असेल तर ग्रामपंचायतीत. जमीन आमच्या घराण्यात कुणाकडेच नव्हती. तशीच बस धरून खोडाळ्याच्या अलीकडे आमच्या गावात उतरले.

ग्रामपंचायतीच्या क्लार्कने घरपट्टीची नोंदवही काढली. गावातल्या प्रत्येक घराचा नंबर, मालक, वापर, सगळं तिच्यात असतं. वडिलांचं नाव सापडलं. घर नंबर एकशे बारा. वडील जाऊन सहा वर्षं झाली, तरी नाव दिसल्यावर मला फार बरं वाटलं. मग पुढचा रकाना वाचला. वापर: गुरांचा गोठा.

"भाऊ, आमच्याकडे गुरंच नाहीत."

"ताई, आकारणीला जो फिरला त्याने दारावरचा नंबर बघून लिहिलं. एकशे बारा नंबरच्या दारात बैल होते, तो तरी काय करणार?"

खरं तर मला राग यायला हवा होता. पण ते बैल कुणाचे, हेच डोक्यात घोळू लागलं. दाराचा रंग काय होता, असंही मी क्लार्कला विचारून पाहिलं.

गावात विचारत गेले, तर बैल माझ्या मामाचे निघाले. शेजारच्या पाड्यावर त्याच्या गोठ्याला आमचं जुनं निळं दार होतं, आणि त्यावर नंबराची पत्र्याची पट्टी. "तुझ्या आयेनंच दिलं," मामा म्हणाला.

तेव्हा उलगडा झाला. वडील गेल्यावर आईने घर मोडून थोडं पलीकडे पुन्हा उभारलं होतं. वासे, कौलं, सगळं नेलं, फक्त दार नाही. माणूस ज्या दारातून शेवटचा बाहेर गेला, ते दार आमच्यात नव्या घराला लावत नाहीत. आईने ते भावाला दिलं. पट्टी काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही. नव्या दाराला नंबर नाही, म्हणून दप्तरात आईचं घरच नाही.

मामाने पक्कड आणली, पट्टी उपटली आणि मी ती मिरवत आईकडे नेली. तिने हातही लावला नाही.

"तो नंबर त्यांचा. मना नको."

"घर अंगावर पडल्यावर काय करशील?" मी ओरडले. मला स्वतःचीच शरम वाटली.

परत ग्रामपंचायतीत गेले. क्लार्क म्हणाला, मग नवी नोंदच करू. दुसऱ्या दिवशी तो आला, दोन शेजाऱ्यांसमोर पंचनामा केला. नशीब, मासिक सभा त्याच आठवड्यात होती, तिथे नोंद मंजूर झाली. शेवटच्या दिवशी उतारा हातात आला. मालकाच्या रकान्यात आईचं नाव होतं. तिच्या नावावर काहीतरी असलेला हा पहिलाच कागद. मी तो दोनदा वाचला आणि अर्जाला जोडून दिला.

संध्याकाळी नवी पट्टी घेऊन मी दारासमोर उभी राहिले आणि खिळा धरला.

"दाराला नको," आई म्हणाली. तिने ओटीवरच्या मेढीवर, घर पेलणाऱ्या खांबावर, हात ठेवला. "हितं ठोक. मी गेले का दार तुम्ही काढशाल. मेढ राहंल. मंग तुना कुणाच्या गोठ्यात हुडकाया नको."

मी खिळा मेढीवर धरला. दुसऱ्या हातात हातोडा होता, म्हणून पट्टी तिने धरली.