धान घरी आलं तरी बसलेला घसा

लोंब्या भरल्या की धानावर पोपट उतरत आणि त्यांना हाकलायला बांधावर मी. माझ्या हाळीने अर्धं गाव दचकतं, याचा मला केवढा तोरा! त्या वर्षी घसा बसला. ओरडून बसतोच, म्हणून मी हळद-मिठाच्या गुळण्या करत राहिले. धान कापलं, मळणी झाली, तरी आवाज खरखरीतच. सर्दी नाही, दुखणं नाही; मी शहाणी पोपटांनाच शिव्या देत होते.

सासू म्हणाली, "घरात शांती आहे व माय."

नवऱ्याने मात्र एका संध्याकाळी विचारलं, "काहून वो, धान तर कोठीत गेलं. आता कोणत्या पाखरावर ओरडून राहिली?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर नुसती हवा निघाली. तो हसता हसता थांबला.

सकाळीच आंधळगावहून एसटीने भंडाऱ्याला गेलो. डॉक्टरांनी घशात छोटा आरसा धरून पाहिलं.

"सर्दी नसताना दोन-तीन आठवडे आवाज बसलेला राहिला, की लगेच यायचं असतं, बाई. आत गाठ दिसते. नागपूरला काढून तपासावी लागेल."

"कशाची गाठ?" मी विचारलं. त्यांना ऐकूच गेलं नाही. मग नवऱ्याने तोच प्रश्न मोठ्याने विचारला.

"ते तपासल्यावरच कळेल," डॉक्टर म्हणाले.