बोरीवली ते मढ, व्हाया घाटकोपर: चुकीच्या स्प्रिंगांची गोष्ट

बाबांना समुद्र बघायचा होता. मणक्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. डॉक्टर म्हणाले, "गाडीने न्या, पण धक्के नकोत." पंच्याऐंशी-शहाऐंशीचा काळ. आमची सेकंडहँड फियाट पुढून बसकी झालेली, प्रत्येक खड्ड्यात आपटायची. म्हणून मी अंधेरीच्या एका गॅरेजात, बाबांच्या पाठीचं सांगून, पुढच्या स्प्रिंगा बदलून घेतल्या. कंपनीच्या नव्हेत, बाजारातल्या, जाड. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, आता गादीवर बसल्यासारखं वाटेल."

वाटलं नाही. बोरीवलीला घरी परतताना जोगेश्वरीलाच पुढून खट्ट आवाज यायला लागला. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा नेली. सोबत माझा नवरा अशोक होता. त्याला गाडी चालवता येत नाही, चालवते मी. तरी गॅरेजवाला त्याच्याकडेच बघून म्हणाला, "नव्या स्प्रिंगा आहेत साहेब, बसतील हळूहळू. लेडीजना जरा जास्तच ऐकू येतं." मी तशीच गाडी घेऊन निघून आले. ते आजही सलतं.

रविवारी सकाळी बाबांना घेऊन मढला निघालो. मालाडहून मार्वे रोडला वळल्यावर दर खड्ड्याला खट्ट, आणि स्टिअरिंगमध्ये हिसका. मी आरशात बघितलं. बाबांनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती.

"बाबा, दुखतंय?"

"माका काय जावक नाय. तू चल."

चेहरा घामाने डबडबला होता. मी गाडी वळवली. समुद्र तीन-चार मैलांवर राहिला.

सोमवारी बँकेत रजा टाकून मी एकटीच निघाले. सहकाऱ्याने घाटकोपरच्या मेकॅनिक गायकवाडमामांचं नाव दिलं होतं. गोरेगावहून आरे कॉलनीतून पवईला निघालात तर झाडी छान आहे, पण त्या दिवशी मला फक्त खड्डे दिसले.

मामांनी काही विचारायच्या आधी पुढचा मडगार्ड दाबला, सोडला, मग म्हणाले, "बाई, इथे स्प्रिंगवर हात ठेवा." त्यांनी पुन्हा दाबला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा धक्का माझ्या तळव्याला बसला.

"वरचं रबरच नाही. स्प्रिंग फार उंच, रबरासकट मावली नसेल. आणि खालचं टोक खाचेतसुद्धा नाही. एखादे दिवशी निसटली असती. कोणी बसवली?"

मी अंधेरीचं गॅरेज सांगितलं, आणि काढलेल्या स्प्रिंगा डिकीत ठेवा म्हटलं.

मामांनी योग्य उंचीच्या स्प्रिंगा रबरासकट घातल्या, टोक खाचेत बसलेलं मला दाखवलं, आणि शेवटचे बोल्ट गाडी जॅकवरून उतरवल्यावरच आवळले. "ती स्वतःच्या पायावर उभी राहिली की मगच," म्हणाले. तुम्ही कधी स्प्रिंगा बदलल्यात तर एवढं उभं राहून बघा.

तिथून सरळ अंधेरी. डिकीतल्या त्या जाड स्प्रिंगा मी गॅरेजवाल्याच्या टेबलावर ठेवल्या. "रबरं कुठे आहेत?"

तो क्षणभर माझ्यामागे बघत राहिला, साहेब दिसतो का ते. मग म्हणाला, "मावत नव्हती, म्हणून काढली. सगळेच काढतात."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. आवाज कसला, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"माझ्या वडिलांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, हे मी तुम्हाला सांगितलं होतं," मी म्हटलं. बाहेर थांबलेली दोन गिऱ्हाइकं आत येऊन ऐकत होती. त्यांतल्या एकाने आपल्या गाडीची किल्ली परत मागितली.

पुढच्या रविवारी आम्ही मढला पोचलो. आक्सा मागे टाकून एरंगळच्या बाजूला गेलात तर गर्दी कमी. एका ख्रिश्चन बाईंच्या ओट्यावर तळलेले बोंबील आणि पाव खाल्ले. बाबा खुर्चीत तासभर पाण्याकडे बघत बसले, येताना मालाडपर्यंत चक्क झोपले.

घरी चहा घेताना ते म्हणाले, "गेल्या रविवारी पाठीत सुरी फिरत होती. पण तू हौसेन स्प्रिंगा घातलेलंस, तुका कसा सांगू?"

मढचा समुद्र आता नीटसा आठवत नाही. राग आठवतो, आणि तो घालवायचा मी कधी प्रयत्नही केलेला नाही. त्या माणसाने माझ्या बापाच्या पाठीवर पैज लावली होती.