बंगलोरची बोहनी

जालना जिल्हा आणि झुंबरबाई एकाच साली जालन्यात आले. एक्क्याऐंशीत जिल्हा वेगळा झाला, आणि त्याच उन्हाळ्यात जांब समर्थकडची ही पोरगी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, पुंजाराम मापाड्याची बायको होऊन जुन्या जालन्यात उतरली. जिल्ह्याला बस्तान बसवायला बरीच वर्षं लागली. झुंबरबाईला शेजाऱ्याचं एक लग्न पुरलं.

त्या लग्नात आचाऱ्याची आमटी पांचट झाली आणि वऱ्हाडी तोंडं वाकडी करायला लागले. झुंबरबाई उठली, घरी गेली आणि माहेरून आणलेल्या येसराचा डबा घेऊन आली. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मसाले असं सगळं भाजून दळलेलं ते पीठ आमटीत पडलं आणि पंगत उठायचं नाव घेईना. पुढच्या आठवड्यात दोन बाया डबे घेऊन दारात हजर. तेव्हापासून ओसरीवरच्या खिडकीत तराजू टांगला गेला तो कायमचा.

धंदा चालला, लग्नांच्या आमट्यांनाही तिचंच येसर जाऊ लागलं, पण लग्नाच्या धंद्यात एक खोड असते. लग्न लागलं की नवरदेव बायकोला घेऊन जातो आणि नवरीचा बाप झुंबरबाईची गल्ली टाळून जातो. दोन-चार जणांनी असे हात दाखवल्यावर तिनं एक कायदा केला, आणि तो कलेक्टरच्या कायद्यापेक्षा कडक होता. दिवसाची बोहनी रोख. नव्या कामाची बोहनी तर रोखच. पहिल्या विक्रीचा पैसा हातात पडायचा, तराजूला लागायचा, कपाळाला लागायचा, मगच पुढचं माप. एकदा खुद्द नवऱ्यानं सकाळी मित्रासाठी उधारीवर पुडी मागितली, तर "दुपारून या" म्हणून तिनं खिडकी लावून घेतली. पुंजाराम हे मोंढ्यात सगळ्यांना सांगायचा. त्याला बायकोचं कौतुकच फार.

दोन हजार सातमध्ये घरात सून आली, बेबीनंदा. बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, आणि बोलायला सासूच्या वरताण. मच्छिंद्र, म्हणजे झुंबरबाईचा मुलगा, नवीन जालन्यात बियाणं कंपनीत कामाला. त्याला हप्त्यावर कॉम्प्युटर घ्यायला लावून तिनं येसराचं एक पान इंटरनेटवर टाकलं. फोटोत झुंबरबाई तराजूशेजारी बसलेली, डोक्यावर पदर, चेहरा फौजदारासारखा.

"आत्याबाई, आता पुण्या-बंगलोरची माणसं घरबसल्या येसर घेतील. पैसे कार्डावरून कटतील. सुट्ट्या पैशाची कटकट न्हाई, घासाघीस न्हाई. आन् उधारी बिलकुल न्हाई."

उधारी नाही म्हटल्यावर झुंबरबाईचे कान टवकारले. "पैसा येतो कुठून?"

"मधी एक कंपनी असते. ती गिऱ्हाइकाकडून घेते, आपल्या खात्यात टाकते. शेकड्याला पाच रुपये तिचे."

"मंग आडत्या हाये म्हन की! येवढं घुमवून काहून सांगून राह्यली?"

पुंजाराम पोट धरून हसला. मोंढ्यात आयुष्य काढलेल्या माणसाला याहून सोपं काय सांगणार? झुंबरबाईला आडत मान्य होती. दुकानापर्यंत गिऱ्हाईक आणून देणाऱ्यानं पाच रुपये खाल्ले तर खाऊ द्यावेत. आडत्या पैसे आठवडाभर स्वतःकडे ठेवतो, हे मात्र बेबीनंदानं गडबडीत सांगितलंच नाही.

पहिली ऑर्डर बंगलोरहून आली. शरयू नावाची बाई, दोन किलो येसर, नव्या घराची वास्तुशांत. पडद्यावर 'पैसे भरले' अशी हिरवी पाटी झळकली आणि बेबीनंदा जागच्या जागी नाचली. झुंबरबाईनं पडद्याला हात लावून कपाळाला लावला. सून हसली, सासूही हसली. त्याच संध्याकाळी बेबीनंदाच्या भावाचा फोन आला, आई पाय घसरून पडली. बेबीनंदा माहेरी निघाली. "पार्सलचं मी बघते, तू जा जल्दी," झुंबरबाई म्हणाली.

तिनं बघितलंच. दोन किलोवर ओंजळभर येसर जास्त घालून पार्सल बांधलं आणि पोस्टात निघता निघता मच्छिंद्रला सहज विचारलं, "पैसे खात्यात आले ना?"

"आठ दिवसांनी येतात, बाई. तशीच रीत हाये त्यांची."

झुंबरबाईचा पाय उंबऱ्यावरच थबकला. आठ दिवसांनी? म्हणजे उधारी! नव्या धंद्याची पहिली विक्री आणि तीच उधार? सुनेच्या हौसेच्या धंद्याला असा अपशकून ती कसा लागू देईल? पार्सल तिनं देव्हाऱ्यापुढं ठेवलं, वर हळदी-कुंकू वाहिलं आणि कोणाला काही बोलली नाही. आठ दिवसांनी मच्छिंद्रला घेऊन बँकेत गेली, खात्यात आलेले पैसे नोटांमध्ये काढले, तराजूला लावले, कपाळाला लावले आणि ताठ मानेनं पोस्टात जाऊन पार्सल टाकलं. शरयूबाईची वास्तुशांत दोन दिवसांपूर्वीच उरकली होती.

पुढं महिनाभर ऑर्डरी येत राहिल्या. दुपारपर्यंत खिडकीतली बोहनी झालेली असायची, त्यामुळं पार्सलं बराबर जात होती. बेबीनंदा आईला बरं करून परत आली होती आणि रोज पडद्यासमोर बसून नवीन गावांची नावं वाचून दाखवत होती. मग एके दिवशी ती वाचता वाचता थांबली. बंगलोरच्या बाईनं माल वेळेवर मिळाला नाही म्हणून कार्डाच्या बँकेत तक्रार केली होती. आडत्यानं आधी पैसे कापून घेतले आणि मग विचारलं, तुमचं म्हणणं काय? नव्या खात्याची पहिलीच विक्री तक्रारीत गेली म्हणून खातंही थांबवलं. आठवड्यात गिऱ्हाइकाचं समाधान झालं नाही, तर कायमचं बंद.

"मी तर त्याच दिवशी पाठवा म्हणून सांगून गेल्ते," बेबीनंदा म्हणाली. "पोस्टानंच घोळ घातला असंल."

पोस्टावर ढकलून मोकळं होता आलं असतं. कोण बघणार होतं? पण सुनेचे डोळे भरलेले झुंबरबाईला बघवेनात. तिनं देव्हाऱ्यापुढचे आठ दिवस सांगून टाकले.

बेबीनंदा उठून आत गेली आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवशीच्या भाकरी थापण्याचा आवाज पुंजारामला ओसरीवर ऐकू येत होता. भांडली असती तर परवडलं असतं, झुंबरबाईला वाटलं. भांडणात ती कोणाला हार गेली नसती, पण हे गप्प बसणं तिला सोसेना.

दुसऱ्या दिवशी तिनं मच्छिंद्रचा मोबाइल मागितला आणि शरयूबाईचा नंबर लावून घेतला. बेबीनंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"वास्तुशांत कशी झाली, ताई?"

"आमटीशिवाय झाली!" पलीकडून फटकन उत्तर आलं. "माझ्या जालन्याच्या मावश्या आल्या होत्या. त्यांना काय तोंड दाखवलं ते मलाच माहीत."

झुंबरबाईनं सगळं सांगितलं. बोहनी, देव्हारा, बँक, नोटा. काहीच लपवलं नाही.

"म्हणजे पार्सलवर लाल होतं ते कुंकू होतं? आम्ही मिरची समजून झटकलं की हो!" आणि शरयूबाई हसायला लागल्या. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "पण मावशी, एक सांगा. माझे पैसे पहिल्याच दिवशी कटले. माल आठ दिवस तुमच्याकडे. मग उधारी नेमकी कोणाकडे होती?"

झुंबरबाईनं पंचवीस वर्षं उधारीच्या नावानं बोटं मोडली, आणि आठ दिवस ती स्वतःच गल्ली टाळणाऱ्या नवरीच्या बापासारखी बसून होती!

"माझ्याकडं होती, ताई," ती म्हणाली. "चुकलं माझं."

शरयूबाईंनी तक्रार मागं घेतली. आमटी मागाहून केली तेव्हा भांडं चाटून पुसून संपलं, हेही सांगून टाकलं. खातं पुन्हा सुरू झालं. बेबीनंदा सासूशी बोलायला लागली, पण कामापुरतंच. पार्सल ती आता स्वतःच पोस्टात नेऊन टाकायची.

खातं सुरू झाल्यानंतरची पहिली ऑर्डर सकाळीच आली, नागपूरची. दिवस नेमका अमावस्येचा. मोंढा बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. खिडकीसमोर कोणी फिरकलं नाही आणि पोस्टाची वेळ होत आली. बेबीनंदा स्वयंपाकघरातून बघत होती. झुंबरबाई तराजूपुढं बसून होती. मग तिनं एकदा देवाकडं बघितलं, डोळे मिटले आणि बोहनीविनाच नागपूरचं येसर पारड्यात ओतायला लागली. पंचवीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

"आत्याबाई, थांबा."

बेबीनंदा बाहेर आली, चपला घालून अंगणात उतरली आणि वळसा घालून खिडकीसमोर गिऱ्हाइकासारखी उभी राहिली. हातात दहाची नोट.

"दहाचं येसर द्या."

"अगं, घरात डबा भरून हाये की!"

"तो घरचा. मला दुकानातलं पाह्यजे. रोख घेऊन राह्यले, उधार न्हाई."

झुंबरबाईनं नोट घेतली, तराजूला लावली, कपाळाला लावली. डोळ्यांतलं पाणी तिनं पदरानं पुसलं नाही, वाहू दिलं. मग एक पारडं जमिनीला टेकेपर्यंत ती येसर ओततच राहिली, आणि बेबीनंदा "बास, बास" म्हणत हसत राहिली. दहा रुपयांत किलोभर येसर देणारं दुकान त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नव्हतं.